न वाळणारा रंग

आमच्या सासरचे पुरुष भांडत नाहीत, अबोला धरतात. भांडण निदान संध्याकाळपर्यंत संपतं. अबोला पुरवून पुरवून वापरता येतो.

माझा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे दादा, यांची घरं एकमेकांना लागून आहेत. मागच्या बाजूला दोन्ही स्वयंपाकघरांची दारं एकाच लांबलचक लाकडी डेकवर उघडतात. तो डेक या दोघांनीच आपल्या हातांनी बांधला, तेव्हा ते बोलत होते. मग गेल्या वर्षी घरातल्या एका वाढदिवसाला दादा त्याच डेकवर घडीच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची मिटली. दादांसकट मिटली. पाहुण्यांना काय करावं ते कळेना. माझ्या नवऱ्याला मात्र लगेच कळलं. तो पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दादा उठले, पँट झटकली, घरात गेले आणि तेव्हापासून त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, हसू आलं तर माणसाने हसू नये का? दादांचं म्हणणं कळायला मार्ग नव्हता, कारण ते बोलतच नव्हते.

आम्हा जावांना या अबोल्याचा काही त्रास नव्हता. खरं सांगायचं तर सोयच होती. मी दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटांना नंबर देते आणि 'अजून किती वेळ' या प्रश्नाला उत्तर देते. जाऊबाई घरी शिवणकाम करतात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या वाढलेल्या पोटांची मापं घेऊन ती कुणाला न सांगण्याचं काम. संध्याकाळी मी आले की त्या त्यांच्या दारातून कप घेऊन बाहेर येतात, मी माझ्या दारातून, आणि डेकच्या बरोबर मधोमध आमच्या दोन खुर्च्या असतात. तो अर्धा तास आमचा. त्यात नवरे नाहीत, मुलं नाहीत, फोन नाही. तो अर्धा तास नसता तर मी केव्हाच एखाद्या पेशंटाच्या डोक्यात रजिस्टर घातलं असतं.

आणि दादांनी नेमका त्यावरच घाव घातला. डेकच्या मधोमध लाकडी भिंत घालायची, असं त्यांनी ठरवलं. चांगली पुरुषभर उंच. फळ्या आणून कुंपणाला टेकवूनही ठेवल्या. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, अहो, आम्ही बसायचं कुठे? दादा म्हणाले, आपल्या बाजूला बस की, कोण नको म्हणतंय.

मात्र भिंतीआधी डेक रंगवणं भाग होतं. ऊनपावसाने लाकूड राखाडी पडलं होतं आणि एकदा खांब ठोकले की त्यांच्या बुडाशी ब्रश नीट जात नाही. तेव्हा लाकडात मुरणारा रंग, ज्याला स्टेन म्हणतात, तो द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग भिंत. दादांनी जाऊबाईंकरवी निरोप धाडला की ते आपला अर्धा डेक रविवारी रंगवणार आहेत. माझ्या नवऱ्याने माझ्याकरवी उलट निरोप धाडला की योगायोगाने त्याचाही रविवारच ठरला आहे.

तयारी मात्र दोघांनी अशी केली की बघत राहावं. दोघंही पक्के कारागीर, त्यात शंका नाही. डेक साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुतला, चांगला वाळू दिला, वर आलेले खिळे ठोकून आत बसवले आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिशपेपर मारला. फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहेत, त्यामुळे एकच फळी हा इकडून घासतोय आणि ते तिकडून. मध्यावर आले की दोघं एकमेकांना पाठ करून उलटे फिरायचे. सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात, पण वैऱ्यांची घासायची लय इतकी जुळलेली मी पाहिली नाही.

रंग आणायला आम्हा दोघींना पाठवलं. दादांना गडद, अक्रोडाच्या सालीसारखा हवा होता. माझ्या नवऱ्याने आधी त्यांचा रंग कोणता ते विचारून घेतलं आणि मग त्याला मधासारखा फिका हवा झाला. दुकानात जाऊबाई डबे हातात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रंग दोन झाले की संपलं. मग भिंत घातली काय आणि नाही घातली काय." हे मलाही पटलं. दुकानदार भला माणूस. एकाच डेकसाठी दोन डबे पाहून, वरचं लेबल न वाचताच, आपणहून म्हणाला, ताई, लावायच्या आधी दोन्ही डबे एका बादलीत ओतून एकत्र करा, म्हणजे रंगात फरक येत नाही. पडत्या फळाची आज्ञा, दुसरं काय.

रविवारी सकाळी दोघं भाऊ दाढी करत असताना आम्ही माझ्या न्हाणीघरात कपड्यांच्या बादलीत दोन्ही डबे ओतले आणि लाटण्याने ढवळले. मिश्रण आधी नासल्या दुधासारखं दिसलं. आम्ही आणखी जोरात ढवळलं, तेव्हा ते तपकिरी, एकजीव आणि बरंच देखणं झालं. मग अर्धं अर्धं करून डब्यांत परत भरलं, झाकणं ठोकली आणि लाटणं फेकून दिलं. एका डब्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र होतं आणि दुसऱ्याला रॉकेलसारखा वास येत होता, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. थेंबाचं चित्र मला पाण्यापासून रक्षण करणाऱ्या रंगाचं वाटलं.

दोघांनी आपापल्या टोकापासून सुरुवात केली. रंग सांगितल्यापेक्षा वेगळा दिसला, पण वाळला की खरा दिसेल असं दोघांनीही धरून चाललं. मध्यावर येईपर्यंत दोघांच्या लक्षात आलं की समोरचा रंग आपल्यासारखाच आहे. नवरा आत येऊन कुजबुजला की दादाने माझा रंग चोरला. तिकडे दादा जाऊबाईंना तेच सांगत होते. आम्ही दोघी मूग गिळून बसलो. एकसारखा डेक खरोखर सुंदर दिसत होता आणि दादा दारात उभे राहून त्याच्याकडे बराच वेळ बघत होते, हे मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

पण डेक वाळेना. सोमवारी ओला होता, ते ठीक. मंगळवारीही चिकट होता. बुधवारी त्यावर पानं, पिसं आणि असंख्य किडे चिकटले, शेजाऱ्यांच्या मांजराने पाय ठेवला आणि घरी जाऊन काय केलं असेल ते शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळलं. माझ्या नवऱ्याची एक चप्पल डेकच्या मध्यावर जी चिकटली ती तिथेच राहिली, नवरा पुढे आला. चहाची जागा तर गेलीच होती, आता दाराबाहेर पाऊलही टाकता येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी दोघं भाऊ खरवडायची पाती घेऊन गुडघ्यांवर बसले. प्रत्येकाची खात्री होती की दुसऱ्याने मुद्दाम काहीतरी मिसळलंय. दोघं लाकडाशी बोलत होते, पण ऐकू दुसऱ्याला जाईल अशा आवाजात. मी आणि जाऊबाई माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे आम्ही भाजी निवडत असल्याचं दाखवत होतो. भाजी नव्हती.

मग दादा थांबले. त्यांनी आपला रिकामा डबा उचलून त्यात नाक घातलं. नंतर माझ्या नवऱ्याचा डबा काठीने ओढून घेतला आणि त्यातही नाक घातलं. दोन्ही डबे पुन्हा एकदा हुंगले. डब्यांवरची चित्रं पाहिली. आणि वर्षभरात पहिल्यांदा ते म्हणाले, "बाळ्या."

माझा नवरा, वय वर्षं सत्तेचाळीस, जागच्या जागी ताठ झाला.

"एक तेलाचा आहे, एक पाण्याचा. आणि दोन्ही डब्यांत दोन्ही आहेत."

दोघांच्या माना सावकाश आमच्या खिडकीकडे वळल्या. मी एक नसलेली शेंग सोलली. दादा आम्हाला जाब विचारायला तडक उठायला गेले, पण गुडघे डेकला चिकटले होते. ते उठले तेव्हा पँटच्या दोन्ही गुडघ्यांचं कापड खालीच राहिलं. दोन गोरे, गोल गुडघे आम्हा सगळ्यांकडे पाहत होते. माझ्या नवऱ्याचे गाल फुगले, मान लाल झाली, ओठ आत ओढले गेले, पण त्याने आवाज म्हणून काढला नाही. त्याची भीती मला इथून दिसत होती. बिचाऱ्याला वर्षभर भाऊ हवा होता, हे मला त्या क्षणी कळलं.

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "हस आता. मरशील."

आणि आधी तेच हसले.

त्यानंतर आम्हा दोघींची जी खरडपट्टी झाली ती डेकच्या खरडपट्टीपेक्षा मोठी होती, पण ती दोघांनी मिळून काढली, म्हणून आम्ही मान खाली घालून ऐकून घेतली. आपलेच दात आपलेच ओठ. पुढचे शनिवार-रविवार दोघं मिळून डेक खरवडत होते, धुवत होते, पुन्हा घासत होते. रंग स्वतः जाऊन आणला, एकाच जातीचा. तो वाळला. भिंतीचा विषय कुणी काढला नाही. मी इतकी खूश होते की जाऊबाईंना मिठी मारली.

ही खुशी एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, चहा केला, दार उघडलं, तर आमच्या दोन खुर्च्यांवर हे दोघं बसलेले. वर्षभराचं साठलेलं बोलत होते. मला बघून नवरा म्हणाला, अरे वा, चहा आला, आणि माझ्या हातातला कप घेतला. तिकडच्या दारात जाऊबाईंचाही कप गेला. रोज तेच सुरू झालं. गळ्यात गळे घालून बसायचे, घरातल्या प्रत्येक माणसाची नक्कल करायचे आणि साखर कमी आहे म्हणून सांगायचे. आम्ही दोघी माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून चहा पीत होतो, त्यांचा दुसरा कप उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवत. भाऊ एक झाले याचा आनंद व्हायला हवा होता. मला मनापासून राग येत होता.

एक दिवस जाऊबाईंनी गॅस बंद केला, पदराऐवजी थेट गळ्यातल्या मापाच्या टेपलाच हात पुसले आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग.

"अहो, ती भिंत कधी घालताय?"

दादांना आधी कळलंच नाही. मग ते मायेने म्हणाले, "अगं, आता कशाला भिंत? आता आम्ही बोलतो की."

"म्हणूनच."

दादांनी भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. माझा चेहरा पाहून तो कुंपणाला टेकवलेल्या फळ्या उचलायला उठला. दोघं कामाला लागले. एकाने फळी धरली, एकाने खिळे ठोकले, आणि धरणारा ठोकणाऱ्याला दिशा सांगत राहिला. भिंत सुतासारखी सरळ झाली. दादांच्या बाजूचा अर्धा डेक दोघा भावांचा, माझ्या बाजूचा आम्हा जावांचा. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा.

पहिल्या संध्याकाळी भिंतीपलीकडे दोघं भाऊ कशावर तरी खदखदून हसत होते. इकडे जाऊबाईंनी आपली खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला भिडवली, कप मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हं. आता सांग."