वाल्मीक सरांचं पडणं

वाल्मीक सर पुण्याला दहा दिवसांच्या शिबिरात रग्बी शिकून आले, असं सगळी शाळा सांगे. खरं म्हणजे सर सातच दिवस शिकले होते. आठव्या दिवशी सकाळी प्रशिक्षक म्हणाले, "आजपासून एकमेकांना पाडायचं," आणि त्याच क्षणी सरांचं पोट बिघडलं. ते तीन दिवस बिघडलेलंच राहिलं, आणि प्रमाणपत्रं वाटायची वेळ झाली तेव्हा बरं झालं. ही गोष्ट सर, त्यांची बायको मीना आणि पुण्यातला एक औषधवाला, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती.

शाळा निफाडच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. २००३ च्या जूनमध्ये सरांनी नववीची सतरा पोरं-पोरी गोळा केली आणि बिनधक्क्याची रग्बी सुरू केली. यात कुणाला हात लावायचा नसतो. कमरेला दोन पट्ट्या खोचायच्या, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की तो अडला. पट्ट्या शाळेच्या शिपाई लंकाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचे काठ कापून दिल्या होत्या.

"जपून वढा रे," त्या मैदानाच्या कडेनं ओरडत. "माझ्या लग्नातलं लुगडं हाय!"

चेंडू लांबट. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पपई ठेवलं. पळायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागं, हा नियम ऐकून हेडसर यादवराव प्रसन्न झाले. म्हणाले, "आपली संस्था तीस वर्षं असंच चालते आहे."

पोरी तर पहिल्या आठवड्यातच पोरांच्या पुढं गेल्या. बागेत द्राक्षांची विरळणी करून, घडातले जादा मणी खुडून खुडून त्यांच्या बोटांना असा सराव झालेला, की पट्टी गेली हे पोराला कळायच्या आत ती पोरीच्या हातात फडफडत असे. चिमाजी तात्यांची तेजस्विनी त्यात सगळ्यांत चपळ. वजन अडतीस किलो, तेही दप्तरासकट.

एवढ्यावर सगळं गोडीगुलाबीनं चाललं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये गणिताचे गोरक्ष सर म्हणाले, "पट्ट्या ओढणं हा काय खेळ झाला? आमच्याकडे बारशाला खेळतात असलं." वाल्मीक सरांना राग आला. रागाच्या भरात त्यांनी देवळाली कॅम्पला डिसेंबरात होणाऱ्या स्पर्धेचा अर्ज भरला. धक्क्याच्या रग्बीचा. राग उतरला तेव्हा अर्ज पोस्टात पडला होता.

मग धक्का शिकवणं आलं. सरांनी सोयाबीनच्या भुसाची पोती भरून उभी केली आणि पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं. वाका, डोकं बाजूला, गाल मांडीला, दोन्ही हातांची मिठी, आणि पायानं रेटा. पोत्यांवर पोरं तुटून पडली. आठवड्यात तीन पोती फाटली आणि शाळेत येणाऱ्याजाणाऱ्याला शिंका येऊ लागल्या.

पोत्यांच्या जागी माणसं आली आणि खेळ थांबला.

मयूर चेंडू घेऊन पळत होता. महेशनं त्याला गाठलं, वाकला, आणि एवढ्यात त्याचा पाय मयूरच्या पायाला लागला. महेश जागच्या जागी थबकला. मयूरला हात लावून त्यानं तो हात छातीशी नेला, जसा घरी नेतात तसा. मयूरही नमस्कार पुरा होईपर्यंत सभ्यपणे उभा राहिला, आणि मग पळाला.

"अरे, पकड त्याला!"

"सर, पाय लागला ना!"

"लागणारच! त्यासाठीच खेळतोय आपण!"

पण उपयोग नव्हता. दर दहा पावलांना कुणाचा तरी पाय कुणाला तरी लागे, आणि दर पायाला एक नमस्कार होई. यादवराव व्हरांड्यातून हे बघत आणि डोळे पुसत. "खेळ नाही झाला तरी चालेल, सर. संस्कार बघा!"

स्पर्धेला पालकांची सही लागणार होती. सभा शनिवारी सकाळी ठेवली. छाटणी संपून विरळणीची घाई, तरी पालक आले. चिमाजी तात्या सगळ्यांच्या पुढे बसले. तरुणपणी कुस्त्या मारून त्यांचे दोन्ही कान वड्यासारखे झाले होते.

"सर, पडायला माझी ना नाय," तात्या म्हणाले. "पण आखाड्यात माती असती. हितं मुरूम हाय. आधी तुम्ही पडून दावा. पडून, आपल्या पायानं उठलात, की आम्ही समदे सह्या करतो. नाय उठलात तर खेळ बंद. पट्ट्याबी बंद."

सगळ्या माना हलल्या. लंकाबाईंचीही हलली.

"पडणं काय," सर म्हणाले, "पुण्यात रोज वीसदा पडायचो." आणि त्यांचं पोट बिघडलं.

खरं तर या आठवड्यात ते घरी गादीवर पडायचा सराव करत होते. शेजारच्या खोलीतून मीनानं एकदा विचारलंही होतं, "अहो, काय पडलं?" सर म्हणाले होते, "मी." पण गादीवर पडणं म्हणजे आपणच आपल्याला पाडणं. दुसऱ्यानं पाडण्यातली जी भीती, ती त्यात येत नाही. आता पळून जावं तर सतरा पोरं समोर, पुण्यासारखा औषधवाला जवळ नाही, आणि 'पोट' म्हणावं तर तात्या ओवा घेऊन येणार.

सगळे मैदानावर आले. सरांनी चेंडू काखेत धरला.

"कोण पाडतंय? महेश?"

महेश मागं सरला. "सर, तुम्हाला कसं पाडायचं? पाप लागंल."

"मयूर?"

मयूर चपलेचा अंगठा दुरुस्त करू लागला.

सरांना बरं वाटायला लागलं. पाडणाराच नसेल तर पडणारा काय करणार? तेवढ्यात तेजस्विनी पुढं आली. सरांना आणखी बरं वाटलं. सर ब्याऐंशी किलो.

"ये, बाळ," ते मायेनं म्हणाले आणि पळायला लागले. म्हणजे चालले, पण कोपर हलवत.

तेजस्विनी समोरून आली. सरांना पाडायचं तर आधी त्यांची परवानगी घ्यायला हवी, एवढं तिला घरचं वळण होतं. ती सरांच्या पुढ्यात वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पावलांना नमस्कार केला.

आता शिक्षकाच्या पाया कुणी पडलं की त्याचे पाय आपोआप थांबतात आणि हात आपोआप वर जातो. वीस वर्षांची सवय. सर थांबले. हात वर गेला. "यशस्वी भ..."

तेजस्विनी उठली नाही. वाकली होती तिथूनच तिनं डोकं बाजूला घेतलं, गाल मांडीला लावला, मिठी मारली आणि पायानं रेटा दिला. ब्याऐंशी किलोचा आशीर्वाद मुरमावर पडला.

यादवरावांनी डोळे मिटले. सर आडवे पडून एकेक अवयव तपासत होते. हात होते. पाय होते. कंबरही होती. कोपराला थोडं खरचटलं होतं, बास. म्हणजे हे एवढंच? या एवढ्यासाठी आपण पुण्यात तीन दिवस नुसत्या ताकभातावर काढले?

"सर," तेजस्विनी वरून म्हणाली, "पडल्यावर चेंडू सोडायचा असतो. तुम्हीच सांगितलंय."

सरांनी चेंडू सोडला. मग ते उठले. आपल्या पायानं. आणि हसायला लागले, ते थांबेचनात.

तात्यांनी पहिली सही केली आणि सरांना जरा बाजूला घेतलं. "पुण्यात वीसदा, व्हय?"

"म्हणजे... साधारण."

"सर, सवयीचा गडी पडून उठला की धूळ झटकतो. पयल्यांदा पडलेलाच आसा हसतो." तात्यांनी पाठीवर थाप मारली. सर पुन्हा पडता पडता वाचले. "आसू द्या. मी बी पयल्या कुस्तीला आजारी पडलो हुतो."

सर वळले आणि पोरांना म्हणाले, "बघितलं ना तिचं? पाया पडताना माणूस वाकतो तेवढंच वाकायचं. फक्त उठायचं नाही. नमस्कार करायचा असेल तर आधीच करून घ्या, म्हणजे मध्ये थांबायला नको. चला, एकेक जण या."

सोळा पोरांची रांग लागली. महेश सगळ्यांत पुढं, पाप विसरून. गुरुपौर्णिमेलाही एवढी रांग कधी लागली नव्हती आणि इतक्या मनापासून कुणी वाकलंही नव्हतं. यादवराव लंकाबाईंना म्हणाले, "बघा, संस्कार टिकले," आणि लंकाबाईंनी आयोडीनची बाटली आणली.

दुपारी सर घरी गेले. शर्ट मुरमाच्या रंगाचा झाला होता. मीनानं दार उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पडलात?"

"सतरा वेळा."

"आणि पोट?"

"भूक लागली आहे," सर म्हणाले.