बोलकी दाढ
दातांच्या डॉक्टरांनी मल्टिमीडियाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "बासरीचं काय झालं?"

बासरी माळ्यावर होती. तिच्या शेजारी चित्रकलेचं सामानही होतं.

"या वेळी दवाखान्यासाठी शिकतोय," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसलेल्या पेशंटांसाठी प्रोग्राम. पडद्यावरचा दात दाबला की तो स्वतःची माहिती सांगणार. सीडीवर चालेल, वेबसाइटवरही."

"दात बोलणार?"

"आवाज माझाच."

दवाखान्याची बाहेरची बाजू बायकोच सांभाळायची. तिनं मान हलवली. ती होकाराची की कीव आल्याची, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

वर्गातल्या मॅडम वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. पडद्यावर कुठलं चित्र कधी येणार, कधी जाणार, हे त्या समजावत असत आणि डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या वरच्या दाढेकडे. फिलिंग जरा उंच राहिलंय, कुणी केलं असेल? "कळलं का सर?" असा प्रश्न आला की ते घाईनं "हो" म्हणत आणि शेजारणीच्या पडद्यात डोकावत. लोकांच्या तोंडात वर्षानुवर्षं सफाईनं फिरलेला हात माउस धरला की भलतीकडेच जायचा. त्यांनी सरकवायला घेतलेली पहिलीच दाढ पडद्याबाहेर गेली, ती परत आली नाही.

"सरांचा हातखंडा आहे दात काढण्यात," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. डॉक्टरही हसले, जरा उशिरा.

पुढे जमायला लागलं आणि तिथेच घात झाला. जे जे शिकले, ते ते त्यांनी प्रोग्राममध्ये कोंबलं. सुरुवातीला त्यांचं नाव गरगर फिरत येई, थबके, चमके, पुन्हा फिरे. ते संपेपर्यंत कुणाला काहीच करता येत नसे. मग जबडा उघडे. दातागणिक बटण, बटणाच्या आत आणखी बटणं. वातावरणनिर्मितीसाठी स्वतःच्या ड्रिलचा आवाज मागे लावला. वेबसाइटवर तर नाव उमटेपर्यंत बायकोचं कपडे वाळत घालून होई.

"सर, हे एकदा कुणाला तरी वापरायला द्या," मॅडमनी सुचवलं. "तुम्ही नुसतं बघा."

"कशाला? मला सगळं पाठ आहे."

शेवटी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर लागला. डॉक्टर आत एका पेशंटच्या दाढेत गुंतलेले. बाहेर एका जाड चष्म्याच्या मावशींनी हौसेनं बटण दाबलं. नाव फिरलं, जबडा उघडला, ड्रिल घरघरलं. एका गृहस्थांना अचानक काम आठवलं आणि ते निघून गेले. त्यांच्यामागून दुसरे. मावशी बिचाऱ्या दिसेल तिथे दाबत होत्या, पण आवाज थांबेना, कारण बाहेर पडण्याचं बटणच डॉक्टर विसरले होते.

बायकोनं वायर उपटली आणि ती आत आली. "आतही तुम्ही, बाहेरही तुम्ही. माणसांनी जायचं कुठे?"

डॉक्टरांनी दोन दिवस कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं. मग ड्रिलचा आवाज तेवढा काढला आणि मॅडमचं ऐकून नुसतं बघायला अ‍ॅप्रन उतरवून स्वतःच बाहेरच्या बाकावर बसले. मावशी पुन्हा आल्या होत्या. एकेक दात दाबून पाहत होत्या. डॉक्टरांना राहवेना.

"काय शोधताय मावशी?"

"दुखेल का, ते कुठे सांगितलंय?"

कुठेच नव्हतं. इनॅमलवर त्यांनी भाषण ठोकलं होतं, मुळांवर ठोकलं होतं; हे सोडून सगळं होतं.

त्यांनी अर्ध्याहून जास्त बटणं उडवली. फिरणारं नाव उडवताना मात्र डोळे मिटून घेतले. 'दुखेल का?' या नव्या बटणासाठी मधाळ आवाजात "मुळीच नाही" असं रेकॉर्ड करून मॅडमना ऐकवलं.

"सर, माझी अक्कलदाढ गेल्या महिन्यात तुम्हीच काढलीत," मॅडम म्हणाल्या.

मग ते उत्तर बायकोच्या आवाजात झालं. "इंजेक्शन टोचेल. नंतर नुसतं ओढल्यासारखं वाटेल. सहन नाही झालं तर हात वर करा, डॉक्टर थांबतात."

"मी थांबतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता थांबावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मावशी आत येऊन खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, आरसा उचलला, तोच मावशींनी हात वर केला.

"अहो, अजून सुरूच कुठे केलंय?"

"थांबता की नाही ते बघत होते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.