चौथी पिन

ड्रिलचं टोक पुन्हा घसरलं आणि पहिल्याच टिंबात जाऊन बसलं. खरी जागा सोडायला ते तयार नव्हतं. वेल्डरने यंत्र बंद केलं, कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि पंच-हातोडी घेऊन तीन मिलिमीटर डावीकडे दुसरं टिंब मारलं. या वेळी टोक जागेवर राहिलं. लोखंडाचा कीस वेटोळी घेत बाहेर येऊ लागला. भोक आरपार पडेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

तीस वर्षं तो फाटकं, जिने, कठडे आणि शाळेतले झोपाळे जोडत आला होता. त्याचं भोक आजवर कधी चुकलं नव्हतं. आजचं चुकलं होतं, कारण त्याने ते चुकवलं होतं.

समोर लेकीच्या मोटरसायकलचा स्टँड पडला होता. खाली जाड पट्ट्यांची चौकट, मागच्या चाकाखाली पोलादी पत्रा आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन खांब. खांब चौकटीला धरणाऱ्या चार पिना काढल्या की सगळा स्टँड तीन तुकड्यांत टेम्पोत मावणार होता. पुढचं चाक खांबांत जखडायचं आणि मागचं जागच्या जागी इतकं फिरवायचं, की रबर जळून धुराचा ढग उठला पाहिजे. याला बर्नआउट म्हणतात, हे त्याला लेकीनेच शिकवलं होतं. तो तिला लहानपणापासून शिकवत आला होता. तिने त्याला शिकवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

लहानपणी एका जागी बसत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता ती सव्वीस वर्षांची होती, गॅरेजात मेकॅनिक होती, पण नाव तेच राहिलं. दोन महिन्यांपूर्वी ती लंगडत घरी आली. "सायलेन्सर लागला," म्हणाली. मग पोटरीवरची पट्टी बदलताना त्याने जखम पाहिली. तेव्हा तिने कबूल केलं. पुढचं चाक भिंतीला टेकवून ती हा खेळ करत होती, आणि गाडी घसरून तिच्या अंगावर आली होती. महिनाभराने बर्नआउटची स्पर्धा ठरली आणि तिने पुठ्ठ्यावर स्टँडचं चित्र काढून आणलं.

"स्टँडशिवाय मैदानात उतरूच देत नाहीत, बाबा. म्हणजे तुम्हालाच बरं की!"

स्टँडशिवाय उतरू देत नाहीत. हे वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. काम पुढे सरकत गेलं, तशी त्याची झोप उडत गेली. प्रत्येक सांधा जोडताना तो सुटलेला दिसे. खांब वाकलाय, गाडी उसळून पुढे गेलीय, आणि पुढे भिंगरीचं हेल्मेट गडगडतंय. आज दुपारी शेवटचं भोक उरलं, तेव्हा त्याला वाट सापडली. चौथी पिन जाणार नाही, खांब बसणार नाही. मैदानात ड्रिल कुठून आणणार? ती चरफडत घरी येईल. आपण म्हणू, वय झालं गं, नजर गेली. तिचा जीव वाचतो, आपलं फक्त नाव जातं.

भोकाभोवती, खरी जागा आखायला मारलेल्या आडव्या-उभ्या रेघांची टोकं चमकत होती. त्याने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि सगळ्यात आधी तीच पट्टी रंगवली. एक हात, मग दुसरा.

बायको चहा घेऊन दारात उभी राहिली.

"एवढा जाड थर? मिरवायला न्यायचाय का त्याला?"

त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"आणि काय हो, आधी जोडून बघायचं, मग रंग, असं सगळ्या जगाला तुम्हीच शिकवता ना?"

"चहा ठेव तिथे."

"ठेवते. पण त्यात ब्रश बुडवू नका म्हणजे झालं. लक्ष नाहीये तुमचं."

संध्याकाळी भिंगरी टेम्पो घेऊन आली. तिने खांब उचलून चौकटीजवळ नेला, तसा बाप मध्ये आला.

"रंग ओला आहे. ओरखडे जातील. उद्या तिथेच जोड."

"एकदाही न जोडता?"

"माझं काम आहे."

"तेही खरंच," ती हसली. "तुमच्या भोकावर शंका घेतली तर आई मला जेवायला घालायची नाही."

तिने खांब टेम्पोत चढवला. त्याने रंगाचा डबा बंद केला. झाकण नीट बसलं होतं, तरी तो त्यावर ठोकत राहिला.

*

सकाळी तो जाणार नव्हता. बायकोनेच चपला पुढ्यात आणून ठेवल्या.

"घरात बसून दहा वेळा फाटकाशी जाल. त्यापेक्षा तिथे जाऊन उभे राहा."

बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानात दोर बांधला होता. दोराला लागून माणसं, माणसांच्या खांद्यांवर पोरं. तो गर्दीच्या मागे थांबला आणि टेम्पोकडे नजर लावून उभा राहिला. आता येईल, पिन हातात घेऊन येईल, "बाबा, हे काय केलंत" म्हणेल. काय उत्तर द्यायचं, ते त्याने पाठ केलं होतं.

ती आली नाही. लाऊडस्पीकरवर तिचा नंबर पुकारला गेला. गर्दी जरा हलली आणि त्याला स्टँड दिसला.

दोन्ही खांब ताठ उभे होते. गाडीचं पुढचं चाक त्यांच्यात जखडलेलं, आणि वर भिंगरी.

क्षणभर त्याला वाटलं, आपण भोक चुकवलंच नव्हतं. नुसतं मनात आणलं होतं. तेवढ्यात इंजिन गरजलं. मागचं चाक फिरू लागलं, पत्र्यावर रबर किंचाळलं. तो दोराखालून वाकून आत शिरला.

"ओ काका! मागे व्हा!" कुणीतरी ओरडलं.

तो थांबला नाही. तीन पिना जाड, काळ्या दिसत होत्या. चौथी पांढरीफटक चमकत होती, घासून करंगळीएवढी केलेली. खांब थरथरत होता आणि ती बारीक पिन भोकात हलत्या दातासारखी डुगडुगत होती. खांबाच्या रोखाने, दहा पावलांवर, दोर होता. दोराला लागून लाल टोपीतलं एक पोर उभं होतं.

त्याने हात घातला आणि गाडीची चावी फिरवली.

अचानक सगळं शांत झालं. धूर हळूहळू बाजूला सरला.

"बाबा! काय करताय?"

"खाली उतर."

"अहो, लोक बघतायत."

"बघू दे. उतर आधी."

ती उतरली. हेल्मेटच्या काचेआडून तिचे डोळे रागाने लाल दिसत होते, धुरानेही असतील.

"ही पिन कुणी घासली?"

"मीच. जातच नव्हती. जाड आली असणार. एकाकडे ग्राइंडर होता, घेतली घासून."

"भोक नाही तपासलंस?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सूर्य उगवलाय का ते तपासायला सांगितलं होतं.

"तुमचं भोक कशाला तपासू?"

तो मटकन चौकटीच्या कडेवर बसला.

"भोक चुकलंय," तो म्हणाला.

"काहीतरीच काय."

"बघ."

भिंगरीने हेल्मेट काढलं आणि गुडघ्यावर बसली. पिन ठोकताना पट्टीवरचा रंग उडाला होता. तिने नखाने आणखी खरवडला. आधी आडवी रेघ दिसली, मग उभी. ती आठ वर्षांची असताना तो तिला स्टुलावर उभी करून सांगायचा, "रेघा कधी पुसायच्या नाहीत, बाळा. भोक पडलं तरी त्यांची टोकं बाहेर राहतात. चारही टोकांनी भोकाच्या मध्याकडे बोट दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं, तर माणूस चुकला. रेघ चुकत नाही."

उभी रेघ काटकोनात होती, सरळ होती, तीस वर्षांच्या हाताची होती. भोक तिच्या डावीकडे सरकलेलं होतं.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. मग बाकीच्या तीन पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांच्यावर रंगाचा एकच पातळ हात होता. मग बापाकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"रंग ओला होता," ती हळूच म्हणाली.

लाऊडस्पीकर विचारत होता, काय अडचण आहे. तिने हात वर करून, आज जमणार नाही, अशी खूण केली. पोरं हिरमुसून खांद्यांवरून उतरली. दोघांनी न बोलता स्टँड सोडला आणि टेम्पोत चढवला. घरी येईपर्यंत ती बारीक पिन तिच्या मुठीत होती.

*

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली नाही. चुकलेली पट्टी कापून काढली, नवी कापली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"रेघा तुम्ही मारा. भोक मी पाडते."

त्याने रेघा मारल्या, सरळ आल्या. तिने टिंब मारलं. ड्रिल त्यात बसलं ते हललं नाही. मग तिने पट्टी चौकटीवर टाचून वेल्डिंग केलं, ते निवेपर्यंत वाट पाहिली आणि खांब उभा केला. रंगाचा डबा फळीवरच होता.

"घाला पिन," ती म्हणाली.

त्याने पिन भोकावर ठेवली, अंगठ्याने दाबली. ती डोक्यापर्यंत आत गेली. भिंगरीने दोन्ही हातांनी खांब धरला आणि सगळा जोर लावून पुढे-मागे हलवला.

"पुढच्या महिन्यात पुन्हा आहे," ती म्हणाली. मग विचारलं, "हलतेय?"

हो म्हणणं अजूनही सोपं होतं. ती आता मान वर करून त्याच्याकडे पाहत होती.

"नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्याने अंगठा मात्र पिनेवरून उचलला नाही.