कवीचे घर आणि कावीचे घर

मित्रांनो, मी एक जुनी दमणी आहे. दमणी म्हणजे दोन बैलांची, वर छत असलेली, माणसांना बसवून नेणारी गाडी. शेणखत वाहणाऱ्या गाडीशी कुणी माझी गल्लत केली तर मला मुळीच खपत नाही. आता रत्नागिरीत मोटारी धुरळा उडवीत फिरतात. फिरोत बापड्या. पण या गावाची ओळख करून द्यावी ती मीच. हा गर्व नाही, अनुभव आहे. बरे, थोडा गर्वही आहे.

१९२२ साली आत्माराम सुताराने मला घडवले. आस ऐनाच्या लाकडाचा, बैठक सागाची, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर कोरलेली कमळे. डावीकडच्या कमळाला आठ पाकळ्या आहेत आणि उजवीकडच्याला सात. आत्मारामला मोजण्याचा कंटाळा होता. दादू गाडीवानाने मला घरी नेले तेव्हा त्याच्या बायकोने, मैनाने, माझ्या चाकांवर पाणी घातले आणि मला हळदकुंकू लावले.

पावसाळा संपून मुंबईची बोट सुरू झाली की आमचे दिवस येत. बोट लांब उभी राही, माणसे पडावातून किनाऱ्याला लागत, आणि बंदरावर दादू त्यांच्या पेट्या उचलून माझ्यात ठेवी. मग आमची फेरी सुरू होई. रत्नदुर्ग, तिथले भगवतीचे देऊळ, दीपगृह, लोकमान्यांचे जन्मघर, आणि इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून ठेवलेल्या राजाचा राजवाडा. राजवाड्यापाशी लोक खाली उतरून समुद्राकडे बघत. आपल्या मुलखापासून इतक्या दूर एक राजा रोज समुद्राकडे बघत बसे, हे त्यांच्या मनाला लागे. दादूला अक्षर वाचता येत नव्हते, पण सारी माहिती त्याला तोंडपाठ होती. एखादी वाट आपल्याला ठाऊक नाही, असे मात्र तो मेला तरी म्हणाला नसता.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

१९२४ सालच्या माघात पुण्याकडचे एक मास्तर उतरले. ते म्हणाले, "गाडीवान, आम्हांला कवीचं घर बघायचंय. इथून कोसावरच्या वाडीत आहे म्हणतात." एक तरुण कवी नुकतेच मुंबईत वारले होते आणि त्यांची कविता घरोघर पोचली होती. त्यांचे बालपण त्या वाडीत गेले होते. दादूने कवी हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. पण काव त्याला माहीत होती. काव म्हणजे तांबडी माती. तिने भिंतीवर वेलबुट्टी काढतात, तिला कावीचे काम म्हणतात. आणि त्या वाडीत आप्पांच्या घराची भिंत कावीने रंगवलेली होती!

"कावीचा घर ना? चला," दादू म्हणाला.

मास्तरांनी आप्पांच्या दारात हात जोडले. "हेच ना ते घर?"

"हेच," आप्पा म्हणाले. "लांबलांबून लोक येतात." त्यांच्या आजोबांनी ती भिंत रंगवली होती. तिची कीर्ती पुण्याला पोचली, असेच त्यांना वाटले. त्यांनी सर्वांना कोकमाचे सरबत दिले. मास्तरांनी झोपाळ्याला हात लावून डोळे पुसले. यात कुणीही खोटे बोलले नव्हते. मराठीत एक काना माणसाला किती लांब नेतो ते बघा.

बारा वर्षे मी लोकांना त्या दारी नेत होते. लोक माझी तारीफ करीत आणि मी ती खुशाल घेत होते.

१९३६ सालच्या फाल्गुनात बोटीतून एक वयस्क बाई उतरल्या. त्यांचे नाव आनंदीबाई. त्या कवींच्या थोरल्या बहीण होत्या. चाळीस वर्षांनी त्या घर बघायला आल्या होत्या. आप्पांच्या दारात दादूने मला थांबवले, तेव्हा त्या उतरल्याच नाहीत.

"दादू, हे आमचं घर नव्हे. आमचं पलीकडे, फणसाजवळ."

आम्ही फणसाजवळ पोचलो. दारात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ढीग पडला होता. सखाराम मुकादमाची माणसे भिंत उतरवीत होती. आनंदीबाईंच्या चुलतभावाने मुंबईतून घराचे चिरे त्याला देऊन टाकले होते. पुढची पडवी गेली होती. एक खोली तेवढी शिल्लक होती.

"याच खिडकीत मी त्याला अक्षरं शिकवली," आनंदीबाई खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या.

सखारामही गांगरला. "बाई, मना काय ठावं? कवीचा घर तिकडं हाय, सगळी दुनिया तिकडं जातंय."

त्याचे खरे होते. दुनियेला तिकडे आम्हीच नेले होते. खरे सांगते, त्या घडीला मला माझी कमळेही नकोशी झाली.

दादूने मला गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या, वाटेत आडवे उभे केले. बैल सोडले. मग दोन्ही चाकांच्या खिळी काढून चाके बाजूला ठेवली. मी धाडकन जमिनीवर बसले. आता एकही चिरा बाहेर जाणार नव्हता.

"गाडी काढ, दादू," सखाराम म्हणाला.

"चाकाच नायत, कशी काढू? सखाराम, चूक माझी हाय. कवी म्हंजे काय ता मना म्हायती नव्हता, आणि इचारायची लाज वाटली. मी सगळ्यांना कावीचा घर दाखवला."

तोवर आप्पा येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकले.

"म्हणजे बारा वर्षं लोक माझ्या भिंतीसाठी येत नव्हते?"

"नाय, आप्पा."

आप्पांनी उपरण्याने तोंड पुसले. मग म्हणाले, "सखाराम, तुला चिरेच हवेत ना? माझा गडगा उतरव आणि मोजून घेऊन जा. ही खोली राहू दे. हिचा मान मी खाल्लाय."

दुसऱ्या दिवशी आप्पांचा गडगा उतरला. खोली राहिली. आनंदीबाईंनी खिडकी पुसली आणि दादूला विचारले, "आता लोकांना काय सांगशील?"

"पयली माझी चूक सांगीन, आक्का. मग घर दाखवीन."

तो तसेच करतो. मित्रांनो, आता माझा आस कुरकुरतो, छत गळते, आणि घाईची माणसे मोटारीने जातात. तरी कवीच्या घराकडच्या अरुंद पाणंदीत मोटार शिरत नाही, म्हणून मला अजून मान आहे. तुम्ही कुठेही जा, थोरांची घरे बघा, पण नुसते हात जोडून परतू नका. घर कुणाचे, ते नीट विचारा, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आम्ही ते बारा वर्षे म्हटले नाही, आणि त्या घराची एकच खोली उरली.