मॅट्रिकचा अंगठा

रिठदच्या फाट्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं त्याला तीन महिने झाले होते, आणि तीन महिने इंद्रभान अडाणी होता. त्याआधी तो मॅट्रिक होता. बौद्धपुऱ्यातला पहिला मॅट्रिक. निकाल लागला त्या दिवशी साऱ्या वस्तीत गूळ वाटला होता. पुढची चार वर्षं त्याने अकोल्याच्या रोजगार कचेरीत नाव नोंदवलं, कार्डाची मुदत वाढवून घेतली आणि एसटीला पैसे घातले. नोकरीचा कागद काही आला नाही. आला तो बहात्तरचा दुष्काळ.

काम निघालं तेव्हा परगावाहून आलेल्या मुकादम बबनरावाने रांगेतल्या प्रत्येकाला एकच विचारलं होतं, "शाळा किती?" ज्याने चौथी सांगितली तो कामावर, ज्याने मॅट्रिक सांगितली तो घरी. शिकलेले लोक खडी कमी फोडतात अन् हजेरीत डोकं जास्त खुपसतात, असं त्याचं म्हणणं. बबनरावाच्या हजेरीत डोकं खुपसण्यासारखं होतंही बरंच. इंद्रभानची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "शाळा नाई," आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मागे उभी असलेली त्याची बायको गंगू तेव्हा दुसरीकडेच बघत राहिली.

आज पगार होता. पंधरा दिवसांचा पगार आठ दिवसांपासून तटलेला. घरी गंगूची सासू तुळसाबाई आणि दोन वर्षांची पोर. रेशनचा मिलो, ती तांबडी अमेरिकन ज्वारी, परवाच संपला होता, आणि रिसोडच्या बाजारातली ज्वारी दर बाजाराला नवा भाव सांगत होती. गोडं तेल तर लोक आता नुसतं विचारून पुढे जायचे. आज हातात पैसे पडले नाहीत तर उद्या चूल पेटवून तिच्यावर ठेवायचं काय, हे गंगूला ठाऊक नव्हतं.

दुपारी ओव्हरसियर साहेबाची जीप आली. साहेब टेबलाशी बसला, हजेरीचं मस्टर उघडलं, आणि पगार सुरू करायच्या आधी म्हणाला, "हजेरी कारकून दुसऱ्या कामावर गेला. नवा पाहिजे. मॅट्रिक पाहिजे, महिन्याच्या पगारावर. आहे कोणी?"

बबनराव वाटच पाहत होता. "आमचा भाचा हाय साहेब, देवमन. नववी झाला, पण हुशार हाय."

"मी मॅट्रिक म्हटलं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. गंगूने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून हातोडा मारत होता, तोही आधीच फुटलेल्या दगडावर. चार वर्षं ज्या नोकरीसाठी हा माणूस अकोल्याच्या खेपा घालत होता, ती आज आपल्या पायांनी त्याच्या खडीच्या ढिगापाशी आली होती, आणि हा गप्प. का गप्प, ते तिला कळत होतं. पण कळलेलं सगळं दर वेळी ऐकायचं असतं थोडंच? ती उठली.

"साहेब, माह्या मालकाले लिवता-वाचता येते. मॅट्रिक हायेत ते."

इंद्रभानचा हातोडा थांबला. "काहून बोलली तू?" तो दातांतल्या दातांत म्हणाला. पण साहेबाने बोट केलं होतं. जावंच लागलं.

"नाव लिही," साहेबाने कागद पुढे सरकवला.

इंद्रभानने पेन धरलं. तीन महिने हातोडा धरलेला तो हात. बोटांना घट्टे पडलेले, पेन निसटायला लागलं. त्याने दाबून धरलं तर निब कागदात रुतलं. मोत्यासारखं अक्षर म्हणून मास्तर ज्याची वही वर्गभर फिरवायचे, त्याने स्वतःचं नाव असं लिहिलं की ते ओळीवर उभंही राहीना.

"हे मॅट्रिकचं अक्षर?"

"हात कामानं आखडले, साहेब. सर्टिफिकेट घरी हाय. आणून दाखवतो."

बबनराव पुढे झाला. त्याने मस्टरची पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं. अंगठा. त्याच्या आधीच्या पानावर अंगठा. त्याच्याही आधीच्या पानावर अंगठा.

साहेबाचा चेहरा बदलला. "हे बघ," तो म्हणाला, "मॅट्रिक झालेला माणूस अंगठा लावत नाही. तू सर्टिफिकेट आणलंस, तर मस्टरवरचा मजूर तू नव्हेस, हे नाव बोगस आहे, असं मला लिहावं लागेल. मग हा पगार नाही. मागचा दिलेला वसूल होईल, आणि उद्यापासून तुम्ही दोघं कामावर नाही. आणि अडाणी असशील तर अंगठा लाव, पैसे घे, विषय संपला. काय ते एक सांग. शिकलेला की अडाणी?"

इंद्रभानने पेन खाली ठेवलं. गंगूला तो चांगला माहीत होता. हा माणूस आता 'शिकलेला' म्हणणार, घरी जाणार, सर्टिफिकेट आणणार आणि सगळं गमावून ताठ मानेने परत येणार. त्याने तसं करावं असं तिला एका बाजूने फार फार वाटलं. दुसऱ्या बाजूने पोर दिसत होती. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात ती बोलली.

"मी खोटं बोलली, साहेब. त्यायले काई येत नाई. नाव तेवढं गिरवाले शिकले."

दुसऱ्या गावांच्या ढिगांवरून हसू फुटलं. कोणी तरी "मॅट्रिकवाली" म्हणालं. गंगूला वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. इंद्रभानने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पॅडवर अंगठा दाबला, मस्टरवर ठेवला आणि पैसे उचलले.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याचा आवाज मऊ झाला. "लाजू नको रे. तुमच्या गावात संध्याकाळचा प्रौढ वर्ग सुरू झालाय. जात जा. चार अक्षरं आली तर तुझंच भलं."

"जातो साहेब," इंद्रभान म्हणाला.

कारकुनाची जागा देवमनला मिळाली. दुसरा मॅट्रिक तिथे होता कुठे?

जीप गेल्यावर देवमन मस्टर काखेत घेऊन दोघांच्या ढिगापाशी आला. आजूबाजूला बघून खाली बसला. पोरगा मनाचा मोकळा, पण त्याला घाम फुटला होता.

"इंद्रभानभाऊ, शाळेत तुही वही पाह्यली हाय मी. मले या बेरजा जमत नाईत. साहेब शनवारी तपासते म्हणते. तू करून देशीन का रोज? आठवड्याले दोन रुपये देतो. कोणाले सांगू नको."

आता हा हातोडा उगारतो की काय, असं तिला वाटलं. इंद्रभानने हाताच्या घट्ट्यांकडे पाहिलं.

"तीन दे," तो म्हणाला. "अन् प्रौढ वर्गातच आणत जाय मस्टर. लोकायले वाटन, मी शिकून राह्यलो."