हाडांचा अंगरखा

आक्काची लेक पहिल्यांदा बाळंत झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगी झाली, वजन चांगलं भरलं, आणि सासरी महिना काढून लेक बाळासकट आईकडे यायची ठरली. आक्काला आकाश ठेंगणं झालं. पण त्या आनंदात एक कुसळ होतं, तिचा धाकटा भाऊ.

आक्काची लाँड्री कॉलेजच्या वसतिगृहासमोर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. धुणं आक्काचं, इस्त्री भावाची. त्याचा स्वतःचा शर्ट इतका कडक असायचा की अख्खी गल्ली त्याला साहेब म्हणे. या साहेबाला एचआयव्ही होता. ते ठाऊक होतं फक्त आक्काला, लेकीला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना. साहेब रोज न चुकता गोळी घ्यायचा आणि दिवसभर उभा राहून इस्त्री करायचा. आक्का त्याचे कपडे मात्र वेगळ्या टबात, उकळत्या पाण्यात बुडवायची.

लेक फोनवर म्हणाली, "आई, मला मामाबद्दल काही बोलायचं नाही. पण बाळ लहान आहे. तो घरात असला तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही."

आक्कानं दोन दिवस गिळून ठेवलं, मग साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या शहरात अशा आजाऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्था होती, तिथं खाट मिळाली. रविवारी लेक यायच्या आधी, सकाळीच निघायचं ठरलं. बॅग भरून त्यानं इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवली आणि पुन्हा कामाला लागला.

त्याच आठवड्यात वसतिगृहातली दोन मुलं दुकानात आली. एक चष्मेवाली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. आणि एक उंच पोरगा, सगळे त्याला बांबू म्हणत. बांबूच्या हातात काळा अंगरखा होता, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं हाडं रंगवलेली.

"साहेब, एवढं कडक करून द्या. उद्या चौकात आमचं पथनाट्य आहे, एड्सवर."

आक्काच्या हातातला पिळा तसाच राहिला.

"कोण घालणार हे?" साहेबानं विचारलं.

"हा बांबू. आधी धडधाकट असतो, मग त्याला आजार होतो, आणि शेवटी हे घालून येतो नि मरतो. लोकं घाबरली पाहिजेत ना काका! नाहीतर तपासणीला कोण येणार?"

"माझं मरण हिला लांबलेलं वाटतं," बांबू म्हणाला.

"धड मरताही येत नाही मेल्याला!"

साहेब हसला. त्यानं अंगरखा टेबलावर पसरला. रंगवलेलं कापड उलटं करून इस्त्री करायचं, हे त्या धंद्यात नवशिक्यालाही कळतं. साहेबानं सुलटंच पसरलं आणि तापलेली इस्त्री बरगड्यांवर ठेवली. चर्र झालं, धूर निघाला, आणि बरगड्या कापड सोडून इस्त्रीच्या बुडाला चिकटून वर आल्या.

"अरे, काय केलंस हे!" आक्का धावली. "जन्म गेला इस्त्रीत, कापड उलटं करायचं सुचलं नाही?"

"सुचलं होतं," साहेब शांतपणे म्हणाला. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. "पोरांनो, कापडाचे पैसे मी भरून देईन. पण तुमचा तो माणूस असा दिसत नाही."

"मग कसा दिसतो?" बांबूनं विचारलं.

आक्कानं डोळे वटारले. साहेबानं तिच्याकडे पाहिलंच नाही. स्वतःची कॉलर सरळ करत तो म्हणाला, "असा."

आक्काच्या मनात आलं, आता वसतिगृहाचे कपडे गेले.

चष्मेवालीचे कान लाल झाले. "काका, गोळ्या घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, हे नाटकात माझंच वाक्य आहे. ते बोलून झालं की आम्ही याला मारतो."

"तेच तर. असला सांगाडा बघून मी तपासायला आलो असतो होय? दार लावून घरात बसलो असतो."

"म्हणजे मी मरू नको?" बांबू म्हणाला.

"नको. कामावर जा."

"सुटलो बुवा! पडून पडून गुडघे सोलले होते."

चष्मेवालीला टेबलाखालची बॅग दिसली. "गावाला निघालात काका?"

साहेबानं बॅग पायानं आत सरकवली. शेवटी आक्काच बोलली, "माझी लेक यायचीय. तान्हं बाळ आहे बरोबर."

"मग?"

"मग काय? लहान जीव तो. कपडे, भांडी, उचलणं, घेणं..."

"आक्का, कपड्यांतून नाही होत. भांड्यांतून नाही, मांडीवर घेऊन नाही. उद्या चौकात हेच ओरडून सांगणार आहे मी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मध्येच थांबली.

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानातच राहिला. आक्का मात्र चौकात जाऊन मागं उभी राहिली. साहेबानं इस्त्री केलेला शर्ट बांबूच्या अंगात होता. चष्मेवाली त्याची आई झाली होती. लेकाचं ताट चिमट्यात धरून लांबून सरकवत होती. लोक खो खो हसले. आक्काही हसली. मग तिला घरचा टब आठवला आणि तिचं हसू मावळलं. नाटक संपल्यावर चौकाच्या कडेला उभ्या तपासणीच्या गाडीकडे तीन-चारच माणसं गेली, तीही खाली मान घालून.

घरी येऊन तिनं लेकीला फोन लावला. "मामा इथंच राहील. तू ये. नाही आलीस तर मी तुझ्याकडे येईन बाळाला बघायला. पण त्याला घालवणार नाही मी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आक्कानं फोन खाली ठेवला. मग तिनं टेबलाखालची बॅग ओढली आणि त्याचे कपडे फळीवर, आपल्या कपड्यांशेजारी लावले.

रविवारी लेक आली नाही. वसतिगृहातल्या काही मुलांनी कपडे दुसरीकडे टाकले, काहींनी नाही. आक्कानं टब वापरायचा सोडला, पण पहिले काही दिवस त्याचे कपडे धुताना तिचा हात अडखळायचा.

लेक आली चार महिन्यांनी. आधी एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारून आली. मग बाळ मामापुढे धरत म्हणाली, "घे. आणि नीट धर, इस्त्रीची घडी नाही ती."

साहेबानं आधी हात पँटला पुसले, मग बाळ घेतलं.

आक्का गेली नात तिसरीत असताना, हिवाळ्यात, छातीत कळ येऊन. साहेब तिच्यानंतर बरीच वर्षं जगला. तो गेला नातीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, उन्हाळ्यात, म्हातारपणानं.