गळ्यातलं आणि हातातलं

"डोळे मीट बाळ. एकेक करून वाढवते हं, दुखायचं नाही," सविता सिस्टर म्हणाली आणि पक्कडीने रेखाच्या मनगटावरची पहिली हिरवी बांगडी तिने कट्कन मोडली.

हात कोपरापर्यंत सुजत चालला होता. मनगटाचं हाड सरकलेलं. बांगड्या आत्ताच काढल्या नसत्या तर मांसात रुतल्या असत्या. दुसऱ्या हातातल्या बहुतेक रस्त्यावरच फुटल्या होत्या. उरलेल्यांच्या धारा सलाइनच्या नळीला लागत होत्या, म्हणून त्याही गेल्या. सविता 'फोडते' म्हणाली नाही. ती कधीच म्हणत नसे. हुबळीच्या त्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात तिचा जन्म गेला होता, आणि नव्या सिस्टरना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "इथं येणारं माणूस आधीच अर्धमेलं असतंय. उरलेलं आपल्या जिभेनं मारू नका."

जीभ हीच तिची कमाई होती. आलेल्यांशी कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, आणि माणूस फारच घाबरलं असेल तर दोन्हींची खिचडी करून ती बोलायची. नातेवाइकांनी गोंधळ घातला की डॉक्टर म्हणायचे, सविताअक्कांना पाठवा. ती जायची, वडीलधारं माणूस हेरायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि आवाज उतरवून बोलायला लागायची. पाच मिनिटांत सगळे गार. गेल्याच आठवड्यात दवाखान्याने रुग्णांशी कसं बोलावं याचं शिबिर भरवलं, तेव्हा शिकवायला बाहेरून कुणी आणलं नव्हतं. सविताच उभी राहिली. नवनगरच्या घरी तिचा नवरा सुमंत मात्र म्हणायचा, "बाहेर एवढं मधाचं बोट, आणि आमच्या वाट्याला वीजबिल कुठाय तेवढंच."

रेखाच्या मानेचा फोटो काढायचा होता, म्हणून सविताने गळ्यातलं उतरवलं. कपाळावर खोक होती, ती धुताना कुंकू गेलं. पायाचं बोट चेचलं होतं, म्हणून जोडवी काढली. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. सविता स्वतः रोज कामावर आली की आपलं मंगळसूत्र कपाटात ठेवायची आणि परत जाताना घालायची. इतक्या वर्षांत त्यात काही वाटण्यासारखं उरलंच नव्हतं.

"आमचे मालक कुठं हाईत?" रेखाने विचारलं.

"पलीकडच्या खोलीत. डॉक्टर बघतायत. तू हलू नको."

रेखा आणि तिचा नवरा अभिषेक अळणावरजवळच्या खेड्यातले. घरात नणंदेचं लग्न म्हणून दोघं मोटारसायकलवरून दाजीबानपेठेत कापड घ्यायला आले होते. परतताना नवनगरपाशी लॉरीने उडवलं. कापडाचं गाठोडं तेवढं धड राहिलं होतं. ते रेखाच्या खाटेखाली सरकवलेलं होतं.

अभिषेकला वरून फारसं खरचटलंही नव्हतं. पण त्याचं पोट टणक होत चाललं होतं आणि तोंडावरचा रंग उतरत होता. डॉक्टर प्रभंजन बाहेर येऊन हळूच म्हणाले, "सविताअक्का, आत रक्त साचतंय. ऑपरेशनला न्यायला पाहिजे. घरचं कोण आलं की लगेच सही घ्या. थांबायला वेळ नाही."

घरचे आले तेव्हा सविता छातीत दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला ऑक्सिजन लावत होती. दारात टेम्पोतून उतरलेली चार-पाच माणसं, पुढे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला नागोजी, अभिषेकचा बाप. सविता लगबगीने गेली. रुग्णाच्या अंगावरच्या वस्तू पहिल्यांदा घरच्यांच्या ताब्यात द्यायच्या, ही दवाखान्याची रीत. तिने रेखाच्या वस्तूंची पारदर्शक पिशवी नागोजीच्या हातात दिली. आत मंगळसूत्र, जोडवी आणि न फुटता निघालेली एकच हिरवी बांगडी.

"अण्णा, हे सुनेचं. सांभाळून ठेवा," तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज उतरवला. "मन घट्ट करा. मी कागद घेऊन आलेच दोन मिनिटांत, तुमच्याशी बोलायचंय."

नागोजीने पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात जोडून तो म्हणाला, "बरं अक्का." आणि मागे वळला.

समजूतदार माणूस दिसतोय, असं सविताला वाटलं. तेवढ्यात तो छातीत दुखणारा म्हातारा घामाने चिंब झाला आणि दोन मिनिटांची बरीच मिनिटं झाली. ती मोकळी होऊन कागद घेऊन आली तर दारात कुणी नव्हतं. तिने नावाने हाका मारल्या. आतून डॉक्टर प्रभंजन दोनदा डोकावून गेले. गावची माणसं चहाला जातात, विडी ओढायला जातात, पण पोरगं आत असताना सगळीच्या सगळी कुठे जातात?

"लगू बर्री सिस्टर," दारावरच्या शिपायाने घाईघाईने हात करून बोलावलं.

बाहेर रणरणत्या उन्हात नागोजी पायरीवर बसला होता. डोक्याचा टॉवेल सोडून मांडीवर घेतलेला. टेम्पोतली पोती काढून कुणीतरी आत चादर अंथरत होतं. एक जण फोनवर बोलत होता आणि पलीकडून येणारं बायकांचं रडं इतक्या लांबही ऐकू येत होतं.

"अण्णा, अंगठा पाहिजे. अभिषेकचं पोट उघडावं लागणार."

नागोजीने मान हलवली. "नगं."

सविताने समजावलं. मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं. किती जणांना ऑपरेशनची भीती वाटते आणि मग ते कसे चालत घरी जातात, हे शिबिरातलं ठेवणीतलं सगळं सांगितलं. एकेक वाक्य बरोबर होतं आणि एकेक वाक्याला म्हातारा जास्तच मिटत होता.

फोनवरचा माणूस जवळ आला. "अक्का, झालं ते झालं. आता फाडू नगा. तसंच द्या आमास्नी."

"तसंच म्हणजे?"

"गेलेल्याला चिरून काय गवसणार हाय?" नागोजी म्हणाला. "घरात लगीन हाय. पोरगं साबूत न्यायचंय मला. म्हून अंगठा देणार न्हाई."

"कोण गेलंय अण्णा?"

त्याने टॉवेलची गाठ सोडली आणि पिशवी तिच्यासमोर धरली. "हे तुमीच दिलं की. सुनेला दारातनं बघितलं मी. कपाळ पुसलंय. हात मोकळं. आनि कशानं सांगायचं असतंय?"

आपण काय केलं ते तिला एकदमच दिसलं. एक शब्द वावगा गेला नव्हता. आणि तरीही तिने आपल्या हातांनी एका जिवंत माणसाची बायको विधवा करून, ती खूण त्याच्या बापाच्या ओंजळीत ठेवली होती. वर मन घट्ट करा म्हणाली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने नागोजीचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच आत नेलं. त्या खोलीत नातेवाइकांना मज्जाव होता. "चपला..." कुणीतरी म्हणालं. तिने ऐकलं नाही. अभिषेकच्या पायावरची चादर सारून तिने म्हाताऱ्याचा पंजा त्या तळव्यावर दाबला.

अभिषेकच्या पायाचा अंगठा किंचित हलला.

"पाय ऊन हाय," नागोजी म्हणाला. दोनदा म्हणाला. मग त्याने न विचारताच अंगठा पुढे केला. सविताने तो शाईला लावून कागदावर टेकवला.

खाट निघाली. डॉक्टर प्रभंजननी घड्याळाकडे पाहिलं, आणि किती वेळ वाया गेला ते कळायला सविताला तेवढंच पुरलं.

बाहेर गावाला फोन गेला. "जित्ता हाय. ऑपरेशनला नेलंय. चूल पेटवा परत." सविता मुद्दाम हसून म्हणाली, "खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात." कुणी हसलं नाही.

पिशवी घेऊन ती रेखाकडे गेली. रेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मघापासून तिने काहीच विचारलं नव्हतं, हे सविताच्या आत्ता ध्यानात आलं. तिलाही आपले हात दिसत होतेच की.

"आहे गं. आत नेलंय ऑपरेशनला," सविता म्हणाली. मानेचा फोटो बरा आला होता. तिने रेखाच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. एक हात सुजलेला, दुसऱ्याला सलाइन, ती एकुलती बांगडी कुठल्याच हातात चढेना. मग सविताने ड्रेसिंगची पट्टी फाडली, पीळ दिला आणि धड हाताच्या मनगटावर दोन वेढे घेऊन गाठ मारली. रेखाने ती पांढरी बांगडी गालाला लावून धरली. बराच वेळ.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर प्रभंजन खाली आले. टोपी हातात होती.

"थोडं आधी नेलं असतं तर..." सविताने विचारलं.

"सांगता येत नाही अक्का," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि खरंही पुरतं बोलत नव्हते.

पोरगं गेल्याचं नागोजीला त्यांनीच सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, तसाच खाली बसला. तिथूनच तो सविताला म्हणाला, "सुनेला तुमी सांगा, अक्का. माझ्यानं व्हायचं न्हाई."

सविता गेली. स्टूल ओढून बसली. इतकी वर्षं अशा वेळी तोंडात आपोआप येणारी वाक्यं तिने शोधली आणि तिला एकही सापडलं नाही. तिचा आवाज आपोआप उतरणार होता, हात आपोआप खांद्यावर जाणार होता. तिने हात मांडीवरच धरून ठेवला.

रेखाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिने धड हात हळूच पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.

"वाढवा," ती म्हणाली.

कात्री सविताच्या खिशात होती. तिने ती तिथेच राहू दिली आणि ते मनगट दोन्ही हातांत धरलं. पट्टीच्या गाठीखाली नाडी चालली होती.